आतड्याच्या दुखण्याचा तपास : प्रस्तावना

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते आणि मोठे आतडे दीड मीटर. तोंडातून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणापर्यंत जाते. गुदमार्गातून घातलेली दुर्बीण मोठे आतडे ओलांडून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत पोचते. मधला सगळा पल्ला नेहमीच्या दुर्बिणीच्या नजरेबाहेर राहतो. त्यातच आतड्याला आपल्या दुखण्याची जागा नेमकी सांगता येत नाही. बोटाला काटा टोचला तर डोळे मिटूनही जागा दाखवता येते. लहान आतड्यात मात्र बिघाड कुठेही असला तरी कळ बहुधा बेंबीभोवतीच जाणवते, कारण त्या भागातल्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास एकाच पट्ट्यात पोचतात. जागा नीट दिसत नाही आणि नीट सांगताही येत नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालणाऱ्या पोटदुखीचे निदान अवघड होते आणि त्यासाठी एकापुढे एक तपासण्या कराव्या लागतात.

सोलापुरात हे दुखणे बहुधा ठरलेल्या वाटेने पुढे सरकते. कळ आली की आधी ओवा, हिंग, सोडा. मग गल्लीतल्या डॉक्टरांकडची ॲसिडिटीची गोळी. अंगात ताप असला की विडाल ही रक्ततपासणी, आणि तरीही बरे वाटले नाही की सोनोग्राफी. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि महिन्याभराने पुन्हा कळ येते. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे ‘सिव्हिल’, नाहीतर खासगी पोटविकारतज्ज्ञ, आणि तिथून कधी पुणे, कधी हैदराबाद. सिव्हिलला जोडलेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे आहे. उपचारासाठी सोलापुरात येणाऱ्यांत जिल्ह्यातल्या रुग्णांबरोबर धाराशिवकडचे आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातलेही लोक असतात. मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत इथे दुखणे सांगितले जाते. कागद वाढत जातात, पिशवी फुगत जाते. पण कुठला कागद कशाचे उत्तर आहे हे रुग्णाला क्वचितच कोणी सांगितलेले असते.

आतड्याच्या तपासण्यांकडे पाहताना एक गोष्ट पक्की धरली तर पुढचे सगळे सोपे होते. प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते आणि इतर प्रश्नांबाबत काहीच सांगत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘त्या एका प्रश्नाचे उत्तर नाही असे आले’ एवढाच असतो. म्हणून तपासणी किती महाग आहे यापेक्षा ती कुठल्या प्रश्नासाठी आणि कितव्या पायरीवर केली याला जास्त महत्त्व आहे.

पहिला प्रश्न सरळ असतो : आतड्याला खरोखर सूज आहे, की आतडे दिसायला निरोगी असून त्याचे काम बिघडले आहे? सूज आणणारी कारणे पुष्कळ आहेत. अमीबा आणि जिआर्डियासारखे परजीवी, जिवाणूंचा संसर्ग, आतड्याचा क्षय म्हणजे टीबी, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे दीर्घकालीन दाहाचे आजार, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक, गुडघे-कंबरदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, उतारवयात आतड्याचा तुटणारा रक्तपुरवठा आणि कर्करोग. दुसऱ्या गटात इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, येतो. त्यात आतड्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते, पण जखम नसते. तिसरा एक गट कायम विसरला जातो, तो आतड्याबाहेरचा. मुतखडा, पित्ताशयातले खडे, अंडाशयाची गाठ, एंडोमेट्रिओसिस यांची कळही ‘पोटात दुखतंय’ याच शब्दांत सांगितली जाते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर राहणाऱ्या आणि पाणी कमी पिऊन उन्हात राबणाऱ्या या जिल्ह्यात मुतखड्याचा विचार आधी करावा लागतो. त्यासाठी लघवीची साधी तपासणी आणि सोनोग्राफी सहसा पुरतात.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त माहिती देणारी तपासणी म्हणजे रुग्णाला विचारलेले प्रश्न आणि पोटावर ठेवलेला हात. दुखण्याने रात्री झोपमोड होते का, संडासला रात्री उठावे लागते का, वजन उतरले का, कपडे ढिले झाले का, संध्याकाळी कणकण येते का, शौचातून रक्त किंवा आव पडते का, जेवल्यावर पोटात गोळा उठून गुरगुर होऊन तो विरतो का, घरात किंवा कामाच्या ठिकाणी कुणाला टीबी झाला होता का, वेदनाशामक गोळ्या किती काळ चालू आहेत, बिडी-सिगारेट ओढली जाते का, बायकांच्या बाबतीत दुखणे पाळीच्या दिवसांत वाढते का. यातला प्रत्येक प्रश्न पुढची एखादी तपासणी ठरवतो किंवा टाळतो. उजव्या बाजूला खाली हाताला गाठ लागणे, पोटात पाणी असणे, गुदद्वाराजवळ भगंदर असणे या गोष्टी हाताने आणि डोळ्यांनीच कळतात. संकोचामुळे गुदद्वाराची तपासणी राहून जाते, आणि क्रोन्सची एक ठळक खूण तिथेच दडलेली असते.

वजन घटणे, रक्त पडणे, रात्रीचे जुलाब, ताप, रक्तक्षय, हाताला लागणारी गाठ, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास आणि जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग या धोक्याच्या खुणा आहेत. यातली एक जरी खूण असेल तर ‘गॅस आहे’ म्हणून वेळ काढणे योग्य नाही. पोट फुगून संडास आणि वारा दोन्ही बंद होणे, सारख्या उलट्या होणे, पोट लाकडासारखे कडक होणे, ही तर त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची कारणे आहेत. तिथे उभ्याने काढलेला पोटाचा साधा एक्स-रे आतडे अडकले आहे की फुटले आहे, याचे पहिले उत्तर काही मिनिटांत देतो.

रक्ताच्या तपासण्यांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पहिली. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त कुठेतरी झिरपते आहे, शोषण नीट होत नाही, की आहारातच लोह कमी आहे, हे शोधावे लागते. प्लेटलेट वाढलेल्या असणे ही दीर्घ सुजेची दुर्लक्षित खूण आहे. ईएसआर आणि सीआरपी या दोन तपासण्या शरीरात कुठेतरी दाह आहे एवढे सांगतात. तो आतड्यातच आहे असे त्या सांगत नाहीत. सीआरपी लवकर चढते आणि लवकर उतरते, म्हणून उपचारांचा परिणाम पाहायला ती बरी पडते. पण आतड्यात जखमा असूनही सीआरपी नॉर्मल येणारे रुग्ण असतात. अल्ब्युमिन कमी असणे म्हणजे बहुधा दुखणे जुने आणि शरीर खचलेले आहे. ब-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, त्यामुळे ते कमी असेल तर त्या भागावर संशय जातो. मात्र शाकाहारी घरांत ते एरवीही कमी सापडते, म्हणून एकट्या ब-१२ वरून निष्कर्ष काढता येत नाही. थायरॉइड, साखर आणि एचआयव्ही या तपासण्या पहिल्याच फेरीत करून घेतल्या तर पुढचे बरेच वळसे वाचतात.

दोन रक्ततपासण्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. विडाल ही विषमज्वराची जुनी तपासणी. आधी होऊन गेलेला संसर्ग, घेतलेली लस किंवा दुसराच ताप यामुळेही ती वाढलेली दिसू शकते. जुनाट पोटदुखीत एका विडालच्या जोरावर पुन्हापुन्हा प्रतिजैविके देण्याने खरे निदान लांबते. दुसरी, रक्तातली प्रतिद्रव्ये पाहून टीबी ठरवणारी तपासणी. ती इतकी बेभरवशाची निघाली की केंद्र सरकारने २०१२ मध्ये अशा किटची आयात, उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली. मँटू आणि इग्रा या तपासण्यांवर बंदी नाही, पण शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच त्या सांगतात. आपल्याकडे असंख्य निरोगी माणसांत त्या पॉझिटिव्ह येतात, म्हणून ‘इग्रा पॉझिटिव्ह’ म्हणजे ‘आतड्याचा टीबी’ हे समीकरण चुकीचे आहे.

सीलिॲकच्या तपासणीत सोलापूरच्या ताटाचा थेट संबंध येतो. हा आजार असलेल्या माणसाला गव्हातले ग्लुटेन सोसत नाही आणि लहान आतड्याच्या आतल्या मखमली उंचवट्यांची झीज होते. रक्तातील टीटीजी-आयजीए ही त्याची पहिली तपासणी, आणि तिच्याबरोबर एकूण आयजीए पाहावे लागते, कारण काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असते. पण ही तपासणी रुग्ण गहू खात असेल तरच खरी बोलते. मंगळवेढ्याची, बार्शीची ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या घरात रोजचे जेवण म्हणजे भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कालवण. ज्वारीत ग्लुटेन नसते. अशा घरातला माणूस नोकरीनिमित्त पुण्याला जाऊन रोज पोळी खाऊ लागला की त्रास उफाळतो, आणि गावी परतून भाकरीवर आला की शमतो. शमलेल्या काळात रक्त तपासले तर टीटीजी नॉर्मल येऊ शकते. म्हणून तपासणीआधी काही आठवडे रोज गहू पोटात जात होता का, हे विचारले पाहिजे. आणि ‘गहू बंद करून पाहा’ हा सल्ला रक्त दिल्यानंतरच अमलात आणला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ असते, हे पथ्य सुरू झाल्यावर लक्षात ठेवायचे. सीलिॲक उत्तर भारतात जास्त आढळतो हे खरे, पण म्हणून इथे तो शोधायचाच नाही असे होत नाही.

शौचाच्या तपासणीला लोक लाजतात, आणि तिथेच बरेच काही हातचे निसटते. अमीबाचा हलता जीव दिसायचा तर नमुना ताजा, शक्यतो अर्ध्या तासात, सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. सकाळी घरी डबीत घेतलेला आणि दुपारी प्रयोगशाळेत पोचलेला नमुना त्या दृष्टीने वाया गेलेला असतो. शिवाय रोग करणारा अमीबा आणि निरुपद्रवी अमीबा यांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात; त्यांच्यातला फरक अँटिजेन किंवा पीसीआर तपासणीनेच कळतो. नळाला काही दिवसांच्या आड पाणी येणाऱ्या आणि ते पिंपांत साठवणाऱ्या शहरात, किंवा वारीहून परतल्यावर सुरू झालेल्या जुलाबांत, या साध्या तपासणीला पहिला मान द्यायला हवा. नुकतीच प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णात क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जंतूचे विषही शौचात तपासावे लागते.

शौचातली दुसरी महत्त्वाची तपासणी म्हणजे कॅलप्रोटेक्टिन. आतड्याच्या अस्तरात सूज असेल तर पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्यांच्यातले हे प्रथिन शौचात उतरते. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर आतड्यात मोठी सूज असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर असेल तर दुर्बीण टाळू नये. मधल्या आकड्यांत काही आठवड्यांनी पुन्हा तपासणे शहाणपणाचे. सूज आहे की आयबीएस, या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ही तपासणी सुई न टोचता देते. तिची मर्यादाही तितकीच ठळक आहे : सूज कशाने आली हे ती सांगत नाही. टीबी, क्रोन्स, साधा जंतुसंसर्ग आणि वेदनाशामक गोळ्या, या सगळ्यांत आकडा वाढतो.

चित्र दाखवणाऱ्या तपासण्यांत सोनोग्राफी सगळ्यांच्या आवाक्यातली. पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय, पोटातले पाणी, मोठ्या गाठी हे ती चांगले दाखवते. आतडे मात्र वाऱ्याने भरलेले असते आणि ध्वनिलहरी वाऱ्यातून पुढे जात नाहीत. तरीही अनुभवी हात आणि नेमका प्रश्न असेल तर आतड्याच्या भिंतीची जाडी मोजता येते. तीन मिलिमीटरपेक्षा जाड भिंत संशयास्पद. म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘पोटाची सोनोग्राफी’ असे लिहिण्यापेक्षा ‘उजव्या खालच्या भागातली आतड्याची भिंत आणि लसिकाग्रंथी पाहाव्यात’ असे लिहिले तर तीच सोनोग्राफी दुप्पट कामाची होते.

पूर्वी लहान आतड्यासाठी बेरियम पाजून एकामागून एक एक्स-रे काढत. आता त्याची जागा सीटी एंटेरोग्राफीने बव्हंशी घेतली आहे. साध्या सीटीत आणि हिच्यात फरक आहे. हिच्यात रुग्णाला तासाभरात सुमारे दीड लिटर द्रव थोडाथोडा प्यावा लागतो, त्याने आतडे फुलते, मग शिरेतून औषध देऊन चित्रे घेतली जातात. रिकामे, चिकटलेले आतडे सीटीत जाड दिसून फसवते, म्हणून तो द्रव पिण्याचा कंटाळा करून चालत नाही. शिरेतल्या औषधासाठी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आधी पाहावे लागते. जखम किती लांबीची, आतडे कुठे अरुंद झाले, लसिकाग्रंथींच्या मध्यभागी पू झाल्यासारखा काळसर भाग आहे का, पोटात पाणी आहे का, हे सगळे एका तपासणीत कळते. क्ष-किरणांचा मारा हा तिचा दोष. तरुण रुग्णांना पुन्हापुन्हा तपासावे लागणार असेल तर एमआर एंटेरोग्राफी बरी. तिच्यात क्ष-किरण नाहीत आणि भगंदराचे मार्गही तिच्यात स्पष्ट दिसतात. पोटात पाणी सापडले तर ते सुईने काढून तपासायलाच हवे. त्यातील एडीए हे विकर प्रति लिटर सुमारे ३९ युनिटच्या वर असेल तर पोटाच्या टीबीकडे जोरदार बोट जाते.

आता कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून घालायची दुर्बीण. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वोल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी ती प्रत्यक्ष वापरात आणली. तिची भीती बहुधा नळीची असते, पण खरा त्रास आदल्या दिवसाचा. पावडर पाण्यात मिसळून दोन किंवा जास्त लिटर प्यायची आणि शौच पिवळट, पाण्यासारखे स्वच्छ होईपर्यंत संडासच्या फेऱ्या करायच्या. आतडे नीट साफ झाले नाही तर छोट्या जखमा मळाखाली झाकल्या जातात आणि सगळी मेहनत फुकट जाते. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. मधुमेहाची औषधे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांबाबत डॉक्टरांना आधीच विचारावे. आतडे फुटण्याचा धोका निदानासाठी केलेल्या तपासणीत हजारात एक किंवा त्याहून कमी असतो.

कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात एक ओळ आवर्जून शोधावी : ‘शेवटचे लहान आतडे पाहिले’ ही नोंद आहे का? मोठे आणि लहान आतडे जिथे मिळतात त्या झडपेपाशीच आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघांचाही सगळ्यांत आवडता मुक्काम असतो. दुर्बीण त्या झडपेच्या आत डोकावली नसेल तर तपासणी अर्धीच झाली. दुसरी ओळ अस्तरातून घेतलेल्या तुकड्यांची. वरून अस्तर निरोगी दिसले तरी तुकडे घ्यावेत, कारण मायक्रोस्कोपिक कोलायटिस हा आजार फक्त सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

तुकडा म्हणजे बायोप्सी, आणि इथे एक बारीक गोष्ट सगळ्या निदानाची दिशा ठरवते. चिमट्याने घेतलेला तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. तो सहसा फॉर्मलीनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मलीन पेशींची रचना टिकवते, पण जंतूंना मारते. टीबीचा जंतू वाढवून पाहायचा असेल तर काही तुकडे वेगळ्या बाटलीत, निर्जंतुक सलाईनमध्ये, लगेच प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. सगळे तुकडे फॉर्मलीनमध्ये गेले की कल्चरचा मार्ग कायमचा बंद होतो आणि दुर्बीण पुन्हा करायची वेळ येते. म्हणून दुर्बिणीच्या टेबलावर रुग्ण जाण्यापूर्वीच दोन बाटल्या तयार हव्यात, आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) व कल्चरचे फॉर्म भरलेले हवेत. ही काळजी घ्यायला फारसा खर्च येत नाही.

एवढी काळजी कशासाठी, हे टीबी आणि क्रोन्स या दोन आजारांच्या इतिहासातून कळते. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांच्या अनुभवावरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या एका वेगळ्या दाहाचे वर्णन केले. त्याआधी अशा रुग्णांना टीबीच समजले जाई. भारतात उलट अडचण होती : इथे टीबी सर्वत्र आणि क्रोन्स दुर्मीळ मानलेला. दिल्लीच्या एम्समधील टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात आतड्याच्या टीबीची सूक्ष्म रचना आणि ती क्रोन्सपासून कशी वेगळी ओळखायची, हे मांडले. आज भारतात दोन्ही आजार सापडतात, आणि जगातील टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे उजव्या खालच्या भागात दुखणारा, वजन उतरलेला, कणकण येणारा सोलापूरचा पस्तिशीतला यंत्रमाग कामगार दारात आला की दोन्ही नावे एकदमच समोर उभी राहतात.

उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइडसारखी औषधे लागतात. तीच टीबीच्या रुग्णाला दिली तर टीबी शरीरभर पसरू शकतो. उलट क्रोन्सच्या रुग्णाला महिनोन्‌महिने टीबीची औषधे देत राहिले तर मूळ आजार वाढत जातो आणि आतडे अरुंद होऊन शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. वेगळेपणाच्या काही खुणा आहेत. टीबीच्या जखमा बहुधा आडव्या, आतड्याला वळसा घालणाऱ्या, आणि झडप उघडी पडलेली. क्रोन्सच्या जखमा उभ्या, मध्येमध्ये निरोगी भाग सोडून, आणि गुदद्वाराजवळही आजार. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीच्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या, मध्यभागी कुजलेल्या. क्रोन्सच्या छोट्या, सुट्या, विरळ. छातीच्या एक्स-रेत टीबी दिसला तर पारडे त्या बाजूला झुकते. पण यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. सीबीनॅट पॉझिटिव्ह आले तर निदान जवळजवळ पक्के. निगेटिव्ह आले तर टीबी नाही असे म्हणता येत नाही, कारण आतड्याच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात. कल्चरला सहा आठवडेही लागू शकतात.

एवढे करूनही निर्णय होत नाही असे रुग्ण राहतातच. अशा वेळी भारतातले तज्ज्ञ टीबीची औषधे सुरू करून दोन महिन्यांनी दुर्बीण पुन्हा करतात. या प्रयोगाचा नियम काटेकोर आहे : ‘बरे वाटते’ हा पुरावा धरायचा नाही. टीबीची औषधे घेऊन क्रोन्सच्या काही रुग्णांनाही काही काळ बरे वाटते. जखमा भरल्या का, हे डोळ्यांनी पाहायचे. भरल्या असतील तर सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करायचा. भरल्या नसतील तर क्रोन्सचा किंवा औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा विचार करायचा. दुसरी दुर्बीण टाळली तर पहिल्या दोन महिन्यांतून काहीच सिद्ध होत नाही.

कॅप्सूल एंडोस्कोपी २००१ पासून वापरात आली. सुमारे २६ मिलिमीटर लांबीची, कॅमेरा असलेली गोळी गिळायची, आणि ती आठ तासांच्या आसपास लहान आतड्याची हजारो चित्रे पाठवते. दुर्बिणीच्या नजरेबाहेरचा पल्ला त्यामुळे उजेडात आला. मात्र ती तुकडा घेऊ शकत नाही, आणि आतडे अरुंद असेल तर तिथेच अडकते. टीबीमुळे आतडे अरुंद होणे आपल्याकडे नेहमीचे असल्याने आधी सीटी एंटेरोग्राफी, मगच कॅप्सूल, हा क्रम पाळावा. लहान आतड्याच्या खोल भागातून तुकडा हवाच असेल तर बलून एंटेरोस्कोपी हा मार्ग आहे. ती मोजक्याच केंद्रांत होते.

आणि सगळे निरोगी निघाले तर? तेव्हा ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असे सांगणे हा रुग्णावर अन्याय आहे. आयबीएस हा खरा आजार आहे आणि त्याची व्याख्या ठरलेली आहे. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा त्याच्या घट्ट-पातळपणाशी यांतल्या किमान दोन गोष्टींशी असावा. सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असावी. धोक्याच्या खुणा नसतील आणि सीबीसी, सीआरपी, टीटीजी, कॅलप्रोटेक्टिन ठीक असतील तर तरुण रुग्णात दुर्बीण न करताही हे निदान करता येते. दूध पचत नसल्याचा संशय असेल तर हायड्रोजन श्वासतपासणी आहे, किंवा दोन आठवडे दूध बंद करून फरक पाहता येतो. निदान झाल्यावर दर सहा महिन्यांनी नवी सोनोग्राफी, नवा सीटी करत राहणे हा उपचार नव्हे. नवी खूण दिसली तरच नवी तपासणी.

खर्चाचा प्रश्न शेवटी येतो, पण बिडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरात तो पहिला असतो. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. माहिती आणि हाताची तपासणी, मग सीबीसी, सीआरपी, शौच आणि सोनोग्राफी, मग गरजेप्रमाणे कॅलप्रोटेक्टिन व टीटीजी, मग तुकड्यांसह कोलोनोस्कोपी, मग सीटी एंटेरोग्राफी. अरुंदपणाचा संशय असेल तर सीटी आधी. टीबीसाठीचे सीबीनॅट आणि औषधे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात, आणि नोंद झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होता. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती मुख्यतः दाखल रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी असल्याने कुठली तपासणी त्यात बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

रुग्णाच्या हाती दोन गोष्टी आहेत, आणि त्या त्याने सोडू नयेत. पहिली, फाइल : सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावलेले, दुर्बिणीचे फोटो आणि सीटीची सीडी सोबत, आणि बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले तुकडे, कुठल्या प्रयोगशाळेत आहेत याची नोंद. ते ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा पाहता येतात. दुसरी, प्रश्न. प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना विचारावे : ही तपासणी कशाचे उत्तर देणार? उत्तर ‘हो’ आले तर उपचार काय बदलेल, आणि ‘नाही’ आले तर पुढे काय? या प्रश्नांचे समाधानकारक उत्तर मिळाले तर ती तपासणी जरूर करावी. आणि सगळ्या तपासण्यांनंतरचा तो दोन महिन्यांचा काटेकोर प्रयोग सोडला तर, पुरावा हाती येईपर्यंत, तातडीचा धोका नसेल तर, स्टेरॉइड किंवा टीबीची औषधे अंदाजाने सुरू करू नयेत आणि करू देऊ नयेत.